शेवटचे पुस्तक वाचा

सुझन कॉलिन्स यांची ‘हंगर गेम्स’ ही किशोरांसाठीची कादंबरीमालिका पहिल्याच पुस्तकावर (२००८) सोडून देणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. बारा जिल्ह्यांतली चोवीस मुले एकमेकांचा जीव घेतात, राजधानी तमाशा पाहते. जालीम कोण, हे तिथे कुणीही सांगेल. खरी परीक्षा तिसऱ्या पुस्तकात (२०१०) आहे. बंड जिंकते आणि बंडाची पुढारी कॉइन राजधानीच्या मुलांचा तोच खेळ मांडायला निघते. बैठकीत नायिका कॅटनिसही होकार देते. पण भर चौकात तिचा बाण सुटतो तो कॉइनवर. स्वतःला मजलूम म्हणवणाऱ्या आम्हा सर्वांना हे पान झोंबले पाहिजे. परक्याच्या जुलमावर आम्ही तासन्‌तास बोलतो. आपल्या पुढाऱ्याचा, आपल्या घरातला जुलूम दिसला की आमची जीभ का अडखळते?