अर्धवट कामाचें फडताळ

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं मुलें-सुना संगणकाच्या आज्ञावली लिहितात. त्यांस अर्ध्या कामावरून उठण्याचा प्रसंग वारंवार येतो. नव्या सोयीचें लेखन निम्में झालें असतां कचेरींतून तांतडीच्या दुरुस्तीची मागणी येते. चालू फेरफार तसेच ठेवावेत तर दोन्ही कामांची खिचडी होते. पुसावेत तर श्रम वायां जातात.

लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेल्या 'गिट' या व्यवस्थेंत याकरितां 'स्टॅश' नांवाचें फडताळ आहे. एका आज्ञेनें अपुरे फेरफार त्यांत जातात व मजकूर शेवटच्या नोंदीप्रमाणें स्वच्छ होतो. 'पॉप' म्हणतांच ते परत येतात.

सोय उत्तम खरी. पण गिटला अद्याप न सांगितलेल्या नव्या फायली ती आपण होऊन उचलीत नाहीं. त्यासाठीं आज्ञेस 'डॅश यू' जोडावें लागतें. शिवाय हा ठेवा नेहमींच्या 'पुश'बरोबर दुसरीकडे जात नाहीं. संगणक बिघडला कीं ठेवा गेला! आणि खूण न लिहितां दहा ठेवे रचले, तर तिसऱ्यांत काय आहे हें ठेवणारासहि आठवत नाहीं. (लोणच्याच्या बरण्यांची कथा निराळी नसते.)

तासाभराच्या खोळंब्यास स्टॅश पुरे. रात्र मध्यें जावयाची असेल, तर निराळी शाखा काढून तींत 'अपुरें' अशी स्पष्ट नोंद करावी व ती दूरच्या भांडारांत पाठवावी, असें आमचें मत आहे. २०१५ पासून 'वर्कट्री'नें त्याच भांडाराची दुसरी बैठक वेगळ्या फोल्डरांत मांडतां येते. पहिल्या बैठकींतील कामास हातहि लावावा लागत नाहीं.