समुद्र घरी आणा, पण समुद्रातून उचलून नको

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आडवे आले. २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती सोडवून दुसऱ्या जागी बसवण्यात आल्या. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली परवानगी काढावी लागली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ बोलवावे लागले. हजारो कोटींच्या सरकारी प्रकल्पालाही त्या मूठभर जिवांना परस्पर हात लावता आला नाही, आणि ते योग्यच झालं.

पण फिशटँकच्या बाजारात जिवंत प्रवाळाचा तुकडा पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत सहज हातात पडतो. बिल नाही, नाव नाही. कुठून आला हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. घरात छोटा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं प्रवाळांचं मत्स्यालय, ठेवण्याची हौस वाढते आहे. ही हौस वाईट मुळीच नाही. ती श्रीमंतांचीच आहे हा समजही आता जुना झाला. साठ लिटरची टाकी, एक बरा एलईडी दिवा, पाणी फिरवणारा एक छोटा पंप, मीठ, मोजमापाची साधनं एवढं मिळून एखाद्या मध्यम मोबाइलच्या किमतीत बसतं. अडचण खर्चाच्या क्रमात आहे. नवशिक्या माणूस पैसे प्राण्यांवर उधळतो आणि पाण्यावर वाचवतो. व्हायला हवं ते नेमकं उलट.

पाण्यापासूनच सुरुवात करू. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतही तेवढेच लागतात, आणि ते स्वयंपाकाच्या मिठाने येत नाहीत. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट योग्य प्रमाणात असलेलं मत्स्यालयाचं मीठच लागतं. ते मीठ ज्या पाण्यात घालायचं त्या पाण्यात मात्र आधी काहीच असता कामा नये. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य. इथे बहुतेक घरांत एकच चूक होते: स्वयंपाकघरातला आरओ आहे, मग वेगळं कशाला? घरचा आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो, त्यातून येणाऱ्या पाण्यात चवीपुरते क्षार मुद्दाम राखलेले असतात. त्यातून हल्ली 'कॉपर'वाले प्युरिफायर लोकप्रिय आहेत. तांब्याचं पाणी माणसाला चालत असेल, प्रवाळाला, कोळंबीला आणि शंख-गोगलगायींना तांबं विष आहे, अगदी अल्प प्रमाणातही. उपाय स्वस्त आहे. साध्या आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, एक नळी जोडायची, टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत पाणी वापरायचं नाही. दिव्याच्या रंगीत बटणांवर जाणारे पैसे या नळीवर गेले तर निम्म्या टाक्या वाचतील.

आणि चौपाटीवरून कॅन भरून पाणी आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी मिळतं, आणि पावसाळ्यात नाल्या-खाड्यांच्या पुरामुळे त्या पाण्याचा खारेपणाही घसरतो.

आता साठ लिटरच्या टाकीचा एक आठवडा जवळून पाहू. मे महिना, घरात पंखा चालू, टाकीवर वेगळा छोटा पंखा. रोज दोन लिटर पाणी उडून जाऊ शकतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. साठ लिटरमध्ये २,१०० ग्रॅम क्षार होते, तीन दिवसांनी ५४ लिटरमध्येही तेवढेच. खारेपणा ३५ वरून जवळपास ३९ वर गेला. सुट्टीला गावी गेलेलं कुटुंब परत येतं तेव्हा टाकीत पाणी थोडंच कमी दिसतं, पण आतल्या जिवांची तोपर्यंत दमछाक झालेली असते. म्हणून काचेवर मार्करने एक रेघ मारून ठेवतात आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत शून्य टीडीएसचं गोडं पाणी घालतात. खारं पाणी घातलं तर खारेपणा आणखी चढतो. रोजच्या या गोडं पाणी घालण्याला टॉप-अप म्हणतात. त्याला पैसे लागत नाहीत, रोजची दोन मिनिटं लागतात, आणि छोट्या टाकीचं आयुष्य त्या दोन मिनिटांवर असतं.

मोठ्या टाकीला प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), डोसिंग पंप (क्षारांची मापं आपोआप सोडणारा) असा लवाजमा लागतो. छोटीला तो टाळता येतो, कारण दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलणं हातात असतं. त्या सहा लिटरना सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ पुरतं, वर्षाचा हिशेब बारा किलोच्या आत राहतो. या कामाची प्लास्टिकची बादली मात्र वेगळी ठेवावी. साबण लागलेली बादली हे अनेक टाक्यांच्या मृत्यूचं साधं कारण असतं.

पहिले चार ते सहा आठवडे टाकीत एकही प्राणी ठेवायचा नसतो. दुकानातून बाहेर पडताना हे ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं! माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू खडकाच्या सच्छिद्र पोटात वस्ती करतात आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. बाजारातून आणलेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाकीत कुजू द्यायचा, टेस्ट किटने मोजत राहायचं. अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढतं, मग दोन्ही शून्यावर येतात. हौशी मंडळी म्हणतात, टँक सायकल झाला. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला फिल्टरचा स्पंज मिळाला तर तो विरजणासारखा कामाला येतो, आठवडे वाचतात.

याच ठिकाणी 'लाइव्ह रॉक'चा, म्हणजे जिवाणू वसलेल्या समुद्रातल्या खडकाचा, प्रश्न येतो. ही कल्पना जुनी आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जगापुढे मांडलं की जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि उजेड एवढ्यावर टाकीत प्रवाळ जगतात. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याला स्किमर आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. त्या काळी खडक समुद्रातून उचलणं कुणाला गैर वाटत नव्हतं. आज वाटायला हवं. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणले गेले. तिथल्या २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली, आणि त्यामागे हे खणणंही असल्याचं मानलं जातं. भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड आता मिळतात. त्यांत जिवाणू तेवढ्याच मजेत राहतात. सहा आठवडे थांबायची तयारी असेल तर समुद्रातला खडक लागतच नाही.

प्राणी निवडायची पाळी आली की कायदा आणि खिसा एकाच बाजूला उभे राहतात, हे फार कमी लोक सांगतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये खडक रचणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन-पाइप कोरल आणि सी-फॅन त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघ आहे त्याच अनुसूचीत. समुद्रघोडेही तिथेच. माल परदेशी आहे असं सांगून सुटका होत नाही: जगातले सगळे कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि अशा नियंत्रित प्रजाती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी असे नियम २०२४ मध्ये आले.

हे कठीण प्रवाळच सगळ्यांत महाग, सगळ्यांत नाजूक, आणि त्यांनाच प्रखर दिवे आणि कॅल्शियमची रोजची मापं लागतात. त्याउलट झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ कमी उजेडात निभावतात, पाण्यातले छोटे चढउतार सोसतात आणि टाकीतच वाढून त्यांचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, दुसऱ्याला देता येतात. पहिल्या टाकीत हेच असावेत. एक ताकीद हवी. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हाताळू नये, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये. वाफेतून विष श्वासात जाऊन घरंच्या घरं दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत.

माशांच्या बाबतीतही तसंच. साठ लिटरला क्लाउनफिशची एक जोडी पुरे, सोबत थोड्या गोगलगायी आणि एखादी कोळंबी. क्लाउनफिश दगडावर अंडी चिकटवतो आणि राखतो, म्हणून त्याची पैदास हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जमते. तामिळनाडूतल्या मंडपममध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभिवंत कोळंबीची पैदास करून ती वाढवायला तिथल्या बायकांच्या गटांना दिली. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीला सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली. हॅचरीतला मासा टाकीतच जन्मलेला असतो, गोळीचं खाणं ओळखतो आणि नीट सांभाळला तर वीस-वीस वर्षं जगू शकतो. सिनेमातली 'डोरी' म्हणून मुलं ज्याचा हट्ट धरतात तो ब्लू टँग बहुतेक समुद्रातूनच पकडलेला असतो, आणि मोठा झाल्यावर साठ काय, दोनशे लिटरही त्याला अपुरे पडतात. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत याच व्यापारासाठी वाढली. ते सायनाइड शेजारचे प्रवाळही मारतं. हट्टाला 'नाही' म्हणणं आईबापांना इथे जमलंच पाहिजे. क्लाउनफिशसोबत समुद्रफूलही (सी-ॲनिमोनी) घ्यायलाच हवं, हा दुकानातला आग्रहही मोडावा. मासा त्याच्याशिवाय आनंदात राहतो, समुद्रफूल मात्र नवख्या टाकीत मरतं आणि मरताना सगळं पाणी नासवतं.

उन्हाळ्याचं काय? प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या अन्नाचा मोठा वाटा तेच पुरवतं. पाणी तापलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. टाकी २५-२६ अंशांवर असावी. तीसच्या पुढे दिवस गेले की धोका. चिलर महाग. पृष्ठभागावर वारा देणारा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण मुंबईच्या दमट हवेत कमी, पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत जास्त. म्हणून मुंबईकराने टाकी सुरूच करायची असेल तर पावसाळ्यानंतर करावी, खिडकीपासून लांब, आणि दिवे रात्री थंड वेळेला चालवावेत. वीज जाते त्या गावांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्यावा, दुसरा मासा नंतर.

प्राणिप्रेमींचा एक आक्षेप गंभीर आहे. समुद्र तापतो आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं, त्यात आपलं लक्षद्वीपही होरपळलं. अशा वेळी प्रवाळ घरात ठेवायचेच कशाला? समुद्रातून उचललेल्यांसाठी हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. टाकीत वाढलेल्या फ्रॅगला तो लागू होत नाही. उलट घरच्या टाकीतून समुद्रातल्या प्रवाळांशी ओळख होते, आणि तीच आपल्याकडे कमी आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, प्रवाळांनी भरलेलं. किती मराठी घरांत ते नाव ठाऊक आहे? ज्या मुलाने मे महिन्यात घरच्या मशरूम कोरलसाठी पंखा धरला, त्याला मालवणच्या प्रवाळांवर उभे राहून फोटो काढणारे पर्यटक खटकतील.

सरकारकडून अपेक्षा ठेवायची तर ती बंदीची नसावी. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले. शोभेच्या माशांच्या कितीतरी जाती, क्लाउनफिशसुद्धा, विक्रीतून बाद करणारी यादी त्यांत होती. गदारोळ झाला आणि ते नियम त्याच वर्षी मागे घेतले गेले. हॅचरीतला मासा आणि समुद्रातून ओरबाडलेला मासा यांना एकाच मापाने मोजलं की असंच होणार. त्यापेक्षा ऐरोलीसारख्या हॅचरींचा माल दुकानांपर्यंत नियमित पोचावा, आणि खाऱ्या पाण्यातला जीव विकताना बिलावर तीन गोष्टी छापणं सक्तीचं व्हावं: शास्त्रीय नाव, पैदास कुठे झाली ते, आणि पुरवठादाराचा परवाना. मऊ प्रवाळ वाढवणाऱ्या घरगुती उत्पादकांनाही याच नोंदणीत आणावं. बिल देता येत नसलेल्या दुकानातून पिशवी न घेण्याचा निर्णय मात्र गिऱ्हाईकाला आजच घेता येतो, त्यासाठी कुठल्या अधिसूचनेची वाट पाहायची गरज नाही.