खुराड्याचे दार

परसात कोंबड्यांसाठी खुराडे बांधावयाचे ठरले म्हणजे विटा किती लागतील, पत्रा कोणता घालावा, जमीन फरशीची की मुरुमाची, यांचा आपण बारकाईने विचार करतो. दार मात्र उरलेल्या फळ्यांतून शेवटी कसेबसे ठोकले जाते व रात्री त्यास बाहेरून धोंडा लावला की झाले. आमचे मते हा क्रम उलटा आहे. भिंत एकदा उभी राहिली की तिच्याकडे पाहावे लागत नाही. दार मात्र वर्षातून ७३० वेळा उघडझाप व्हावयाचे असते.

प्रस्तुत लेखकास हे शहाणपण सात कोंबड्या गमावून आले. दार जाड सागवानी होते. परंतु आषाढाच्या झडीत फळ्या फुगल्या व ते चौकटीत बसेना. तीन बोटे फट ठेवून धोंडा लावण्याची सवय पडली. एके सकाळी पाहतो तो धोंडा सरकलेला, आत पिसांचा सडा, सहा कोंबड्या मानेला चावा घेऊन टाकलेल्या व एक नाहीशी. घरच्यांनी मुंगसास दोष दिला. पण मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी होय. रात्रीच्या हत्येचे खापर त्याच्या माथी फोडणे न्यायाचे नव्हे. बाहेर चिखलात उमटलेली पावले गोल होती व त्यांत नखे दिसत नव्हती. कुत्र्याच्या वा कोल्ह्याच्या पावलात नखे उमटतात. रानमांजर चालताना ती आत ओढून घेते.

अशा वेळी संतापाच्या भरात विषाचे आमिष टाकणारे किंवा फासे लावणारे लोक आहेत. रानमांजर व उदमांजर या दोहोंस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा हा गुन्हा ठरतो. शिवाय रानमांजराचे मुख्य भक्ष्य उंदीर. ज्या शेतात ते फिरते त्या शेताचे ते काही वाईट करीत नाही. आपल्या दाराची फट आपण बुजवावी, हे अधिक स्वस्त व अधिक सरळ.

आता दार कसे असावे ते सांगतो. कोंबड्यांचे दार व माणसाचे दार निरनिराळे ठेवावे. कोंबड्यांसाठी बारा इंच रुंद व चौदा इंच उंच वाट पुरे. पूर्वीच्या दहा इंची वाटा गावठी कोंबडीस ठीक होत्या. हल्ली गिरिराज किंवा वनराज पाळणारे पुष्कळ आहेत, त्यांचे नर अंगाने मोठे असून अरुंद वाटेत अडतात. या वाटेस बिजागरीचे दार न लावता वरखाली सरकणारी झडप करावी. आडवी सरकणारी झडप दिसावयास सोपी खरी, पण तिची खालची खाच चार दिवसांत विष्ठा व भुसा यांनी भरते आणि मग ती पुरती मिटतच नाही. उभ्या खाचेत काही साचत नाही. खाच झडपेच्या जाडीपेक्षा पाव इंच रुंद असू द्यावी; पावसाळ्यातील फुगवट्याची तरतूद तेवढ्यात होते. झडप पत्र्याची केल्यास फुगण्याची भीतीच उरत नाही. खाली उंबरठ्यावर बाहेरच्या बाजूने दोन इंच उंचीची पट्टी ठोकावी व झडप तिच्या मागे उतरावी, म्हणजे बाहेरून पंजा किंवा नाकाड खाली घालून ती उचलता येत नाही. एवढी एक पट्टी आमच्या सुताराने निरुपयोगी म्हणून वगळली होती; ती मागाहून आम्हीच ठोकली.

माणसाचे दार बाहेर उघडणारे असावे. आत उघडणारे दार तुसाच्या थरावर अडते व झाडलोट टळत जाते. उंबरठा सहा इंच उंच ठेवल्यास तूस बाहेर सांडत नाही. दारास धोंडा नको. कडी व तीत खिट्टी असावी. दाराचा वरचा भाग जाळीचा ठेवणे असल्यास षट्कोनी पातळ जाळी घेऊ नये. ती कोंबडीस आत ठेवते, कुत्र्यास बाहेर ठेवीत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी थोडी महाग पडते, परंतु घुशीलाही ती पुरून उरते. उन्हाळी मुलखात, विशेषतः विदर्भात, बंद दाराने कोंबड्या गुदमरू नयेत म्हणून छपराखाली हीच जाळी लावून वारा वाहता ठेवावा.

घड्याळावर किंवा उजेडाच्या मानाने आपोआप मिटणारी यंत्राची दारे आता विकत मिळतात. ज्यांस सायंकाळी घरी असणे शक्य नाही त्यांनी ती अवश्य घ्यावी. परंतु यंत्र कोंबड्या मोजीत नाही. मागे राहिलेली एखादी बाहेर अंधारात अडकली तर तिला नीट दिसत नाही व ती हलतही नाही. आमच्या घरी झडपेची सुतळी कप्पीवरून पडवीच्या खांबापर्यंत आणली आहे. कोंबड्या डालण्याचे काम आईकडे असते. तिचे गुडघे दुखतात, पूर्वी वाकून धोंडा लावणे तिच्या जिवावर येई व कधी कधी ते राहूनही जाई. आता दिवेलागणीस ती पडवीतून कोंबड्या मोजते आणि सुतळी सैल सोडते. सुतळी मात्र दर दिवाळीस नवी घालावी लागते, कारण उंदीर ती कुरतडतात.