माहेर भोकरदनचं?

जालन्याची जोडपी आता निवृत्तीनंतर दक्षिण इटलीला जातात. नेपल्स, पॉम्पेई, अमाल्फी, गाइडच्या झेंडीमागं नुसती पळापळ. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात मात्र थांबावं. तिथं जेमतेम 24 सेंटिमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली हस्तिदंती भारतीय बाई आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेलेली, 1938 मध्ये पॉम्पेईत सापडलेली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, म्हणून काही अभ्यासक तिचं माहेर प्राचीन भोगवर्धन, म्हणजे भोकरदनच, मानतात. तळाशी कोरलेलं खरोष्ठी लिपीतलं अक्षर उपखंडाच्या वायव्येकडं बोट दाखवतं, तेव्हा वाद आहेच. गाइड ‘लक्ष्मी’ म्हणून मोकळा होतो; यक्षी असण्याचीच शक्यता जास्त. मला विचाराल तर विमानाआधी राजूरमार्गे भोकरदनची एसटी पकडा, केळणाकाठची लेणी पाहा.