एका वहीवर जगाचा ताप मोजणाऱ्यांना

हवामानाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "हवामान काय, ते पूर्वीपासून बदलतच आलेले आहे." वाक्य खरे आहे, आणि खरे असल्यामुळेच ते फार सोयीचे झाले आहे. मागे एका वाचनालयाच्या कार्यक्रमात एका विद्वान वक्त्यांनी ते फेकले. पाठोपाठ "ग्रीनलँड एके काळी हिरवेगार होते, लंडनची थेम्स गोठत असे" ही दोन उदाहरणे दिली आणि आजच्या तापमानवाढीचा निकाल लावून मोकळे झाले. टाळ्या पडल्या. माझे भांडण त्या टाळ्यांशी आहे.

ग्रीनलँड हे नाव ठेवले एरिक द रेड याने. जुन्या सागा सांगतात की नाव चांगले असले तर लोक तिथे यायला राजी होतील, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे आपल्याकडे डोंगर कापून उभ्या केलेल्या वसाहतीला 'ग्रीन व्हॅली' म्हणतात, त्यातलाच प्रकार! सुमारे ९८५ साली तिथे वस्ती झाली. किनाऱ्यावरच्या खाड्यांच्या काठी कुरणे होती, गुरे-मेंढ्या चरत होत्या. त्या वस्तीची शेवटची लेखी नोंद १४०८ सालच्या एका लग्नाची आहे. हे सगळे खरे. पण त्याच बेटाच्या मध्यभागी लाखभर वर्षांहून जुना बर्फ आहे, आणि गुरे चरत होती तेव्हाही तो तिथेच होता. किनाऱ्याच्या दोन पट्ट्यांवरून आख्खे बेट हिरवे करायचे आणि त्या बेटावरून आख्खी पृथ्वी!

थेम्सचे तसेच. १६८३-८४च्या हिवाळ्यात ती अशी गोठली की पात्रावर बाजार भरला. असा शेवटचा बाजार १८१४ साली भरला. तो काळ युरोपात थंड होता यात वाद नाही. पण जुन्या लंडन पुलाच्या कमानी इतक्या अरुंद होत्या की पाणी अडून संथ होत असे, आणि संथ पाणी लवकर गोठते. १८३१मध्ये नवा पूल आला, जुना पाडला गेला, पुढे काठही बांधून काढले. १९६२-६३चा हिवाळा इंग्लंडात जवळजवळ तितकाच कडक होता. नदीचा वरचा भाग गोठला, लंडनमधला मात्र वाहतच राहिला. नदी पुलाबद्दलही बोलत होती, आपण ते फक्त थंडीचे बोलणे समजलो.

भूतकाळाला कोणी थर्मामीटर लावला नव्हता. जगाची सरासरी काढण्याइतक्या नोंदी साधारण १८५०पासून मिळतात, आणि आपले हवामान खाते तर १८७५चे. त्यामागे जायचे तर साक्षीदार शोधावे लागतात : झाडाची वलये, गुहेतले लवणस्तंभ, समुद्रतळाचा गाळ, ध्रुवावरचा बर्फ आणि माणसाने लिहिलेले कागद. प्रत्येक साक्षीदाराने काय पाहिले हे आधी विचारावे लागते. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातले झाड उन्हाळा ऊबदार असला तर जोमाने वाढते, म्हणून त्याचे वलय तापमान सांगते. आपला सागवान ते सांगत नाही, तो पावसाबद्दल बोलतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१०मध्ये केरळच्या सागवानावरून ५२३ वर्षांची मालिका मांडली. तिच्यात अरुंद वलये दिसतात ती दुबळ्या मान्सूनची. त्यावरून कोणी "शिवकाळात उकाडा किती होता" हे सांगू लागला तर ते ज्योतिष झाले.

आता कागदांकडे येतो, कारण आम्ही कागदवाले लोक आणि घोळ आम्हीच जास्त घालतो. दुष्काळाची नोंद दिसली की पाऊस पडला नव्हता असे आपण सरळ धरतो. कधी ते बरोबर निघते. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगतात. छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या लवणस्तंभाचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. ठिबकणाऱ्या पाण्यातून साचलेल्या त्या दगडात जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण थराथराने बदलत जाते आणि त्यावरून पावसाचा अंदाज येतो. चौदावे शतक आणि पंधराव्याची सुरुवात तिथेही दुबळ्या मान्सूनची निघाली. कागद आणि दगड एकमेकांना न विचारता एकच सांगतात, तेव्हा विश्वास ठेवायला मला अडचण नाही.

पण १९४३ सालचे बंगाल घ्या. लाखो माणसे अन्नावाचून मेली. पाचशे वर्षांनी एखाद्याच्या हाती फक्त मृतांचा आकडा लागला, तर तो त्या वर्षापुढे 'भीषण अवर्षण' असे लिहून ठेवील. आणि ते साफ चूक ठरेल. भारतातल्या जुन्या दुष्काळांच्या वेळी जमिनीत ओल किती होती याचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१९मध्ये आला. त्यात १९४३चा दुष्काळ अवर्षणामुळे पडलेला नाही असेच निघाले. तिथे युद्ध होते, साठेबाजी होती, सरकारी धोरण होते. १६३०-३२च्या दख्खनच्या दुष्काळात पाऊस दगा देऊन गेला हे खरे, पण शहाजहानच्या फौजाही त्याच मुलखात होत्या. उपासमारीच्या नोंदीतून पावसाचा वाटा वेगळा काढणे हे किचकट काम आहे. आणि टाळ्या किचकट कामाला पडत नाहीत.

मग जगाबद्दल बोलायचेच नाही का? बोलायचे, पण साक्षीदार पुरेसे हवेत. 'पेजेस टू-के' या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७मध्ये ६४८ ठिकाणांच्या ६९२ नोंदी एकत्र केल्या. त्यांवर आधारलेल्या २०१९च्या अभ्यासात दिसले ते असे की मध्ययुगीन ऊब आणि नंतरची थंडी जगभर एकाच वेळी आलेली नव्हती. एका प्रदेशाची थंड शतके वेगळी, दुसऱ्याची वेगळी. मात्र पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागात दोन हजार वर्षांतला सर्वांत उष्ण काळ विसाव्या शतकातच पडतो. 'पूर्वीपासून बदलतच आले आहे' या वाक्याला माझे उत्तर हे आहे : बदलत होते, पण सगळीकडे एकदम नाही.

आमच्या बाजूच्या मंडळींचेही कान धरायला हवेत. १९९८-९९मध्ये मान, ब्रॅडली आणि ह्यूज यांनी काढलेला, हॉकीच्या काठीसारखा दिसणारा आलेख पोस्टरवर असा मिरवला की त्याभोवतीचा अनिश्चिततेचा राखाडी पट्टा कोणी पाहिलाच नाही. २००६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासून स्पष्ट सांगितले : गेल्या चारशे वर्षांबाबत भरवसा मोठा, १६००च्या आधी कमी, ९००च्या आधी फारच थोडा. उत्तरेकडची काही झाडे १९६०नंतर वाढत्या तापमानाला साथ देत नाहीत, ही खरी अडचण आहे. १९९९च्या एका अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या आलेखात ती अडचण न सांगताच झाकली गेली. २००९मध्ये ईमेल फुटले, गहजब झाला, आणि २०१०च्या चौकशीने तो आलेख दिशाभूल करणारा ठरवला. विज्ञान त्याने खोटे ठरले नाही, पण विरोधकांच्या हाती फुकटचे कोलीत मिळाले.

आणि २०२३च्या जुलैतले ते मथळे! 'सव्वा लाख वर्षांतला सर्वांत उष्ण दिवस' म्हणे. समुद्रतळाच्या चमचाभर गाळात शेकडो वर्षे कालवलेली असू शकतात, त्यातला मंगळवार कसा शोधणार? शास्त्रज्ञांनी म्हटले होते ते २०११ ते २०२० या दशकाबद्दल, आणि तुलना शतकानुशतकांच्या सरासरीशी होती. ते काय कमी भयंकर होते, म्हणून त्यावर हा मसाला घातला?

ज्यांना अंदाज नकोच आहेत त्यांच्यासाठी वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दंडगोल तिथे उणे वीस अंशांत जपून ठेवतात. अशा बर्फातल्या बुडबुड्यांत त्या त्या काळची हवाच कोंडलेली असते. ही नुसती साक्ष नव्हे, मुद्देमालच. अंटार्क्टिकातल्याच दुसऱ्या एका ठिकाणच्या खोल बर्फावरून आठ लाख वर्षांचा हिशेब लागला आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण १८० ते ३०० भागांत वरखाली होत राहिला. आज तो ४२०च्या वर आहे.

राहता राहिले गोव्याचे कागद. पणजीच्या पुराभिलेखागारात 'मोंसोंइस' म्हणजे मान्सूनची पुस्तके आहेत. हे ऐकून एकजण मला म्हणाला, "मग काय, चारशे वर्षांचा पाऊस आयताच मिळाला!" तो लिस्बन-गोव्याचा सरकारी पत्रव्यवहार आहे हो. जहाजे मान्सूनच्या वाऱ्यांवर ये-जा करत, म्हणून ते नाव. त्यात पाऊस असलाच तर तो एखाद्या जहाजाच्या खोळंब्याआड दडलेला असणार. एखाद्या जुन्या वहीत खाजनाचा बांध फुटल्याचा खर्च सापडला, तर तो पावसाने फुटला, उधाणाने, खेकड्यांनी पोखरून की मानशीकडे कोणी लक्ष न दिल्याने, हे विचारावेच लागेल. त्यात पोर्तुगालने १५८२मध्ये दहा दिवस गाळून पंचांग बदलले, आणि आपल्या तिथी तर अधिक मासाने पुढे-मागे सरकतात. मृग सात जूनला लागतो हे पाठ असलेल्यांनी जुन्या नोंदीतले 'ज्येष्ठ शुद्ध पंचमी' त्या सालाचे पंचांग काढून तपासल्याशिवाय पावसाची तारीख सांगू नये.

हे काम होऊ शकते. ॲडमसन आणि नॅश या दोन अभ्यासकांनी पत्रे, वर्तमानपत्रे आणि अहवाल चाळून मुंबईतल्या मान्सूनच्या आगमनाच्या तारखा १७८१पासून लावल्या आहेत. गोव्याच्या घराघरांत जुनी पंचांगे आहेत. त्यांच्या समासात 'आज पहिला पाऊस', 'विहीर आटली' असे कोणी पणजोबांनी शाईने लिहिलेले असते. चतुर्थीच्या साफसफाईत ती रद्दीला जातात. वाचकहो, तुमच्याकडे असे पंचांग असेल तर नुसत्या त्या ओळीचा नव्हे, पूर्ण पानाचा फोटो घ्या. शक, महिना, तिथी, गाव आणि लिहिणाऱ्याचे नाव सोबत लिहून ठेवा. ज्या वर्षी काहीच लिहिलेले नाही ती पानेही घ्या.