जपानी खोली आणि आत्याबाईंचा कोनाडा

गेल्या महिन्यात बुऱ्हाणपुरास लालबागेत आत्याबाईंकडे उतरलो होतो. घर जुने, जाड भिंतींचे. माझे वडील राजवाड्यातले गवई. इकडे मुक्कामाला आले म्हणजे पुढल्या खोलीत त्यांचा रियाज चाले. खाली सतरंजी, भिंतीशी लोड, कोनाड्यात समई, कोपऱ्यात तंबोरा. बाकी खोली मोकळी.

या खेपेस आतेभावाने मोठ्या हौसेने मोबाईलवर एक चित्र दाखविले. खोली आता ‘जपानी’ व्हायची आहे! कोनाडे बुजवायचे, वर जिप्समचे दुसरे छत, पश्चिमेची भिंत पाडून तेथे काच, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचा बांबू.

हे वेड काही लालबागेपुरते नाही. आमच्या इंदुरातही नव्या वसाहतींत हेच चालू आहे. परदेशी धर्तीचे मला वावडे नाही. १९३०च्या दशकात यशवंतराव होळकरांनी माणिकबाग राजवाडा म्युथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून नव्या युरोपीय थाटात उभारून घेतलाच होता. पण जपानी खोली म्हणजे काय, हे तरी पाहावे. ती चटयांवर मोजतात. एक तातामी सुमारे सहा फूट लांब, तीन फूट रुंद. रात्री अंथरूण घालायचे, सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात ठेवायचे. दर्शनी बाजूस ‘तोकोनोमा’, म्हणजे कोनाडाच. त्यात एखादा चित्रपट, एखादे फूल, तेही ऋतुमानाप्रमाणे बदलायचे. म्हणजे आम्ही जे बुजवायला निघालो, तेच त्या खोलीचे मुख्य अंग!

तीनतालात नववी मात्रा खाली म्हणतात. खाली म्हणजे मात्रा गाळणे नव्हे. ती मोजावीच लागते. डग्गा तेवढ्यापुरता गप्प होतो, म्हणून तर गाणाऱ्याला समेची चाहूल लागते. खोलीच्या रिकामपणाचेही तसेच आहे. आत्याबाईंनी पन्नास वर्षे रोज पहाटे अंथरुणे उचलली, म्हणून ती खोली मोकळी दिसली. नव्या चित्रात पलंग कायमचा आहे.

हवेचा विचार तर कोणी केलेलाच नाही. घर बांधताना उन्हाळा आधी ध्यानात घ्यावा, असे चौदाव्या शतकातला जपानी लेखक केंको सांगून गेला. बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेथे पश्चिमेला काच लावली की थंड हवेचे यंत्र आलेच, आणि त्याची घरघर कोणत्याही तंबोऱ्याशी जुळत नाही.

जपानचे घ्यायचेच तर एक सांगतो. ओकिनावातल्या किजोका गावी केळीच्या सोपटांतून धागा काढून ‘बाशोफू’ नावाचे कापड विणतात. १९७४ साली जपान सरकारने त्या कलेला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. ती केळ फळाच्या केळीहून निराळी, हे खरे. पण केळीच्या बागांनी वेढलेल्या बुऱ्हाणपुरातही काही स्त्रिया हल्ली केळीच्या धाग्याच्या वस्तू करतात. त्यांच्याकडून एखादी चटई विणून घ्यावी. प्लॅस्टिकचा बांबू कशाला?

लालबागेजवळचा १६१५ सालचा कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला, त्याचा आतेभावाला फार अभिमान. घरातल्या कोनाड्यांची यादी कोण करणार?

माझ्या बोलण्याने पश्चिमेची भिंत तूर्त वाचली आहे. छताचे सामान मात्र ओसरीवर येऊन पडले आहे. आत्याबाई मुलाला एवढेच विचारत होत्या, ‘‘समई कुठे ठेवू, ते आधी सांग.’’