जुनी हायब्रिड गाडी घेताय? ‘फिटनेस वैध’ म्हणजे तपासलेली गाडी नव्हे

२०२२ साली बाजारात आलेल्या ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी ई-एचईव्ही या हायब्रिड गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत. पेट्रोल कमी लागते म्हणून त्यांना मागणीही आहे. बचतीतून किंवा कर्ज काढून अशी गाडी घ्यायचा तुमचा विचार असेल, तर विक्रेता बहुधा मोबाइल पुढे करून सांगेल, “हे बघा, एमपरिवहनवर फिटनेस २०३७ पर्यंत आहे.” ती नोंद खरी असते. मात्र तिचा अर्थ वेगळा आहे.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते आणि पुढे पाच वर्षांची मुदत मिळते. म्हणजे २०२२ च्या खासगी गाडीसमोर दिसणारे २०३७ हे साल फक्त नोंदणीची मुदत सांगते. नोंदणी झाल्यापासून आजपर्यंत त्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा बॅटरी कोणत्याही सरकारी केंद्राने पाहिलेली नसते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि तिचे जुने निकाल कोणालाही गाडीच्या क्रमांकावरून मोफत पाहता येतात. आपल्याकडे खासगी गाडीसाठी अशी सोय नाही. त्यामुळे तपासणीचा इतिहास तुम्हालाच तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागतो.

पीयूसीचा आधार इथे फार पुरत नाही. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे प्रमाणपत्र वर्षभर चालते, आणि त्यात धुराची तपासणी असते. हायब्रिड गाडीतला सर्वांत महाग भाग, म्हणजे मोठी बॅटरी, किती दमात आहे हे पीयूसीवरून कळत नाही.

टॅक्सीचे वेगळे आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली दोन वर्षे फिटनेस असते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ते नव्याने घ्यावे लागते. कागदावर टॅक्सी जास्त तपासलेली असते, हे थोडे विचित्र वाटेल. पण ती धावलेलीही जास्त असते. खासगी म्हणून दाखवलेल्या गाडीची मुदत नोंदणीपासून १५ वर्षांची दिसत नसेल, तर ती आधी टॅक्सी होती का, हे विचारा आणि जुने फिटनेस दाखले मागा.

आरसीवर आणखी एक रकाना वाचायचा असतो, तो इंधनाचा. ‘पेट्रोल/हायब्रिड’ आणि ‘स्ट्राँग हायब्रिड ईव्ही’ या वेगळ्या नोंदी आहेत. २०१५ च्या सुमारास आलेल्या सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल एसएचव्हीएस गाड्यांनाही लोक सरसकट हायब्रिड म्हणतात, पण त्या सौम्य हायब्रिड आहेत. नुसत्या बॅटरीवर त्या धावत नाहीत. स्ट्राँग हायब्रिडच्या भावात सौम्य हायब्रिड घेऊ नका.

खरा इतिहास सापडतो तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथे चासी क्रमांकावर गाडीची सगळी जॉब कार्डे असतात. मालकाला सोबत नेऊन त्यांची प्रत मागा. प्रत्येक कार्डावर तारीख आणि किलोमीटर असतात. ते ओळीने लावून पाहा. २०२४ मध्ये ६२ हजार किलोमीटर लिहिलेले असेल आणि आज मीटर ४८ हजार दाखवत असेल, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. मधली दोन वर्षे एकही नोंद नसेल तर कारण विचारा, आणि उत्तर पटले नाही तर थांबा. त्याच केंद्रात हायब्रिड बॅटरीची तपासणी करून लेखी अहवाल घ्या. टोयोटा आणि होंडाच्या या गाड्यांच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी असते. तुमच्या गाडीची किती उरली आहे आणि नव्या मालकाला ती लागू राहील का, हेही लेखी मागा. अहवाल द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तेवढ्यावरून बरेच समजते.

चालू विमा पॉलिसी मागायला विसरू नका. तिच्यावर नो क्लेम बोनस छापलेला असतो: क्लेमविना एक वर्ष गेले तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एकाच मालकाकडे चार वर्षे असलेल्या गाडीवर बोनस शून्य असेल, तर नुकताच काही मोठा अपघात किंवा नुकसान झाले होते का, हे विचारायलाच हवे. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. अनेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असते, म्हणजे पाणी जिथे साचते तिथेच. सीटखालचा गालिचा उचलून गंज, चिखलाची रेघ, कुबट वास पाहा. बॅटरीचे झाकण मात्र स्वतः उघडू नका, तिथला विद्युतदाब जिवावर बेतू शकतो.

गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

आता योजनांचा मुद्दा. महाराष्ट्रातल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबातील कोणाच्याही नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी नोंदलेली असेल, तर बहीण अपात्र ठरते. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्येही तीनचाकी किंवा चारचाकी मोटार वाहन असलेले कुटुंब यादीतून वगळले जाते. गाडी नवी की जुनी, दोन लाखांची की वीस लाखांची, हा फरक तिथे नाही. म्हणून सौदा करण्याआधी घरात कोणता लाभ चालू आहे आणि कोणता अर्ज प्रलंबित आहे, ते लिहून काढा.

काही जण यावर उपाय म्हणून सही केलेले कोरे फॉर्म घेतात आणि गाडी जुन्या मालकाच्याच नावावर ठेवतात. तसे करू नका. त्याच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर नाव असलेल्यालाच मालक धरले, गाडी प्रत्यक्षात पुढे विकली गेली असली तरी.

तुम्ही स्वतःची जुनी गाडी विकली असेल तर हेच उलट बाजूने लागू होते. पैसे मिळाले, किल्ली दिली, पण नाव बदलले नाही, तर सरकारी नोंदीत चारचाकी तुमच्याच घरात उभी आहे. महिनाभराने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नाव बदलले का ते पाहा, आणि बदलले नसेल तर फॉर्म २९ ची पोच घेऊन आरटीओत जा.